पडताना हात कुठे गेले?

22 जून 2018. रशियातलं सेंट पीटर्सबर्ग शहर. फुटबॉलच्या विश्वचषकात ब्राझील आणि कोस्टा रिका खेळतायत. 78 वं मिनिट आलं तरी गोलफलक शून्य-शून्यच. ब्राझीलचा नेमार चेंडू घेऊन गोलसमोर पोचला, झपकन वळला, बचावपटूचा हात त्याच्या अंगाला लागला आणि नेमार दोन्ही हात पसरून मागच्या मागे कोसळला. नेदरलँड्सचे पंच ब्योर्न कायपर्स यांनी शिट्टी वाजवली. पेनल्टी!

पेनल्टी हे केवढं मोठं बक्षीस आहे बघा. गोलपासून 11 मीटरवर चेंडू ठेवायचा, समोर एकटा गोलरक्षक. चारांतल्या साधारण तीन पेनल्टींचा गोल होतो. शून्य-शून्य असलेल्या सामन्यात ती मिळणं म्हणजे सामनाच हातात आल्यासारखं. पण कायपर्स यांच्या कानातल्या यंत्रातून व्हिडिओ पाहणाऱ्या पंचांनी सुचवलं, की एकदा पडद्यावर बघून घ्या. ते मैदानाच्या कडेला गेले, तोच प्रसंग पुन्हा पाहिला, परत आले आणि त्यांनी पेनल्टी रद्द केली. (ब्राझीलनं पुढे भरपाईच्या वेळात दोन गोल करून सामना जिंकला. त्यातला एक गोल नेमारचाच होता.)

पंच तेच, प्रसंगही तोच. मग दुसऱ्यांदा पाहताना असं काय दिसतं, जे पहिल्यांदा निसटून जातं? आणि एखादा खेळाडू खरंच पडलाय की नुसती अ‍ॅक्टिंग करतोय, हे कशावरून ओळखायचं?

फुटबॉलमध्ये अशा खोट्या पडण्याला म्हणतात ‘डाइव्ह मारणं’. ते पकडायचं असेल तर आधी खरं पडणं म्हणजे काय, ते समजून घ्यायला हवं. आणि ते फार गमतीचं आहे!

तुम्ही एसटीत उभे आहात आणि ड्रायव्हरकाकांनी करकचून ब्रेक मारला, तर काय होतं? पाय गाडीबरोबर थांबतात, पण वरचं अंग पुढेच जात राहतं. जोरात पळणाऱ्या खेळाडूच्या पायात कुणी पाय घातला की अगदी हेच होतं. पाय अडकतो, पण छाती, डोकं, खांदे आधीच्याच वेगानं पुढे निघालेले असतात. तोल गेल्याची पहिली बातमी लागते तुमच्या कानाला! कानाच्या आत, अगदी खोलवर, तीन बारीक अर्धगोल नळ्या असतात. त्यांत द्रव भरलेला असतो. डोकं कलंडलं की तो हलतो आणि मेंदूला कळतं, की आपण पडतोय. मेंदू त्या क्षणी तुम्हाला काही विचारत बसत नाही. तो थेट हातांना हुकूम सोडतो : पुढे व्हा, डोकं वाचवा!

घरात सात-आठ महिन्यांचं बाळ असेल तर त्याला मोठी माणसं उचलून पोटावर आडवं धरतात आणि अलगद पुढे झुकवतात, तेव्हा नीट बघा. बाळ दोन्ही हात पुढे पसरतं. (हा खेळ तुम्ही स्वतः करायचा नाही हं, मोठे करतील तेव्हा फक्त बघायचा.) बाळाला अजून चालता येत नसतं, बोलता तर मुळीच येत नसतं, पण पडताना हात पुढे करायचे हे त्याला आतूनच ठाऊक असतं. ही सवय आपल्याला कुणी शिकवलेली नाही आणि ती आयुष्यभर आपल्याबरोबर राहते.

आता डाइव्ह मारणाऱ्याची पंचाईत लक्षात घ्या. त्याला पडायचंय, पण नुसतं पडून भागत नाही. पंचांना ते दिसलं पाहिजे, आणि आपल्यावर अन्याय झाला असं वाटलंही पाहिजे. म्हणून त्याचे हात, जे खाली जमिनीकडे जायला हवेत, ते वर जातात.

इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठातल्या पॉल मॉरिस आणि डेव्हिड लुईस या मानसशास्त्रज्ञांनी नेमकं हेच तपासलं. त्यांचा अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. कितीतरी वेळा पडणाऱ्या खेळाडूंच्या चित्रफिती पाहिल्यावर त्यांना खोट्या पडण्यातली एक खास मुद्रा सापडली. छाती पुढे काढलेली, डोकं मागे टाकलेलं, दोन्ही हात वर गेलेले आणि दोन्ही पाय गुडघ्यात दुमडून जमिनीवरून उचललेले. सगळं अंग ताणलेल्या धनुष्यासारखं वाकलेलं. त्यांनी या मुद्रेला नावच दिलं ‘तिरंदाजाचं धनुष्य’. खरोखर तोल गेलेलं माणसाचं शरीर अशी कमान करतच नाही. त्याचे हात एकतर जमिनीकडे जातात, नाहीतर तोल सावरायला बाजूला पसरतात.

याशिवाय त्यांनी आणखी तीन खुणा सांगितल्या. मला त्या फार आवडतात, कारण त्यांना यंत्र लागत नाही, फक्त लक्ष लागतं. पहिली, वेळ. धक्का लागला त्याच क्षणी पडणं सुरू झालं का? की दोन पावलं नीट टाकून मग साहेब कोसळले? दुसरी खूण वेगाची. धक्का हलकाच होता, आणि गडी मात्र तीन-तीन कोलांट्या खात लांब गेला. इतका वेग आला कुठून? धक्क्यानं दिला नसेल तर त्यानं स्वतःच घेतला असणार. आणि तिसरी खूण जागेची : लागलं कुठे आणि धरलंय कुठे?

या तिसऱ्या खुणेचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे 2002 च्या विश्वचषकातलं. 3 जूनला दक्षिण कोरियातल्या उल्सान इथे ब्राझील आणि तुर्कस्तान खेळत होते. सामना संपत आला होता. ब्राझीलचा रिवाल्डो कॉर्नरच्या झेंड्यापाशी उभा होता. तुर्कस्तानच्या हाकान उन्सालनं रागानं चेंडू त्याच्याकडे लाथाडला. चेंडू लागला रिवाल्डोच्या मांडीला, आणि रिवाल्डो चेहरा धरून खाली पडला! पंचांनी उन्सालला दुसरं पिवळं कार्ड दाखवलं, म्हणजे लाल कार्ड, म्हणजे मैदानाबाहेर. पुढे फिफानं रिवाल्डोला पैशांचा दंड केला, पण त्याच्यावर एकाही सामन्याची बंदी घातली नाही. तो पुढचे सामने खेळला आणि ब्राझीलनं तो विश्वचषक जिंकलासुद्धा. उन्साल मात्र न केलेल्या गोष्टीची शिक्षा होऊन गेला. चेंडू मारण्यात त्याचं चुकलंच होतं म्हणा, पण चेहऱ्यावर मारल्याची शिक्षा त्याला व्हायला नको होती. मला हे अजूनही बोचतं.

आता जरा फुटबॉलच्या मैदानातून बाहेर पडू आणि ऑस्ट्रेलियातल्या ओढ्यांमध्ये उतरू. तिथे क्रेफिश नावाचे कवचवाले प्राणी राहतात. दिसायला साधारण शेवंडासारखे, पण गोड्या पाण्यातले. त्यांना खेकड्यासारख्या दोन नांग्या असतात. जागेवरून दोन नर समोरासमोर आले की आधी ते एकमेकांना नांग्या दाखवतात. ज्याची नांगी छोटी, तो बहुतेकदा न लढताच मागे सरतो. क्वीन्सलँड विद्यापीठातले जीवशास्त्रज्ञ रॉबी विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या नांग्यांची चिमटा घेण्याची ताकद मोजली, आणि काय निघालं सांगू? काही नरांच्या नांग्या दांडग्या होत्या, पण त्यांत जोरच नव्हता! तरीही समोरचा घाबरून निघून जात होता. कारण खरं-खोटं करायचं तर भिडावं लागतं, आणि भिडणं धोक्याचं.

याच विल्सन यांना पुढे प्रश्न पडला, की माणसं एकमेकांना फसवतात तेव्हा काय होतं? आणि ते मोजायला त्यांनी निवडलं फुटबॉल! 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी त्यांच्या गटानं युरोपातल्या सहा देशांच्या लीगमधले 60 सामने डोळ्यांत तेल घालून पाहिले. खेळाडू पडल्याचे सुमारे 2,800 प्रसंग त्यांनी नोंदवले. त्यांतले शंभरातले साधारण सहा प्रसंग चक्क डाइव्हचे होते. हिशेब करा, एका सामन्यात सरासरी जवळजवळ तीन. खोटं पडण्याचं प्रमाण कुठे जास्त होतं? विरोधी संघाच्या गोलजवळ, जिथे बक्षीस मोठं. आणि कधी? दोन्ही संघ बरोबरीत असताना, जेव्हा एक गोल सोन्याचा. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र पुढेच आहे. त्या सगळ्या डाइव्हमध्ये एकाही खेळाडूला शिक्षा झाली नव्हती. एकालाही नाही! आणि ज्या लीगमध्ये पंच जास्त फसत होते, त्या लीगमध्ये डाइव्हही जास्त होत्या.

म्हणजे बघा, खोटं पडणं ही पंचांकडे धाडलेली एक खोटी बातमी आहे. बातमी घेणारा जोवर तिच्यावर विश्वास ठेवतो, तोवर ती धाडणारे थांबत नाहीत. क्रेफिशचंही तेच आणि फुटबॉलपटूचंही तेच. तर मग डाइव्ह कमी करायच्या असतील, तर नुसतं खेळाडूंना ‘असं करू नका’ म्हणून काही होणार नाही. पंचांना नीट दिसेल अशी व्यवस्था करावी लागेल. माझं सगळं म्हणणं याच एका गोष्टीभोवती आहे.

एक गोष्ट मात्र विसरू नका. शंभरातले सहा खोटे, म्हणजे चौऱ्याण्णव वेळा खेळाडू डाइव्ह मारत नव्हते. कधी पायात पाय आला, कधी पाय घसरला, कधी समोरून आलेल्या पायाला चुकवायला उडी मारली आणि तोल गेला. म्हणून कुणीही पडला की प्रेक्षकांतून ‘नाटक, नाटक’ ओरडणं मला मुळीच पटत नाही. त्याचा घोटा खरोखर मुरगळलेला असू शकतो.

तर आता पंचांच्या डोळ्यांकडे वळू. यासाठी एक प्रयोग करा, आत्ताच. आरशासमोर उभे राहा. आरशातल्या आपल्या डाव्या डोळ्याकडे बघा, मग उजव्या, मग पुन्हा डाव्या. तुमचे डोळे हलताना तुम्हाला दिसले? नाही ना! आता हेच करताना ताईला किंवा दादाला तुमच्याकडे बघायला सांगा. त्यांना ते हललेले स्वच्छ दिसतील. नजर एका जागेवरून दुसरीकडे उडी मारते, त्या इवल्याशा काळात मेंदू आपल्याला मिळणारं चित्र दाबून टाकतो. दिवसभरात हजारो वेळा आपण असं क्षणभर ‘न बघता’ असतो आणि आपल्याला पत्ताही नसतो.

घरी बसून याचं काही बिघडत नाही. पण मैदानाच्या कडेनं झेंडा घेऊन पळणाऱ्या साहाय्यक पंचांचा विचार करा. त्यांना ऑफसाइड ठरवायचं असतं. पास देणाऱ्याचा पाय चेंडूला लागला, त्या क्षणी पुढचा खेळाडू शेवटच्या बचावपटूच्या पुढे होता की मागे? पास देणारा एकीकडे, पुढचा खेळाडू तीस-चाळीस मीटर दुसरीकडे. नजरेनं उडी मारायलाच हवी. समजा त्यात सेकंदाचा फक्त दहावा हिस्सा गेला. जोरात पळणारा खेळाडू सेकंदाला 8 मीटर जातो, म्हणजे तेवढ्यात तो 80 सेंटिमीटर पुढे सरकला. बचावपटू तितक्याच जोरानं उलट दिशेला पळत असेल, तर दोघांमधलं अंतर बदललं 1 मीटर 60 सेंटिमीटर! म्हणजे जवळपास एका माणसाच्या उंचीएवढं.

त्यात कोनाचीही भर पडते. टेबलावर दोन खोडरबर ठेवा, एक जवळ, एक लांब, अगदी एका रेषेत. आता डोकं थोडं डावीकडे न्या. लांबचं खोडरबर डावीकडे सरकलेलं दिसेल. उजवीकडे नेलं तर उजवीकडे. अ‍ॅम्स्टरडॅममधल्या राउल औडेयान्स यांच्या गटानं 2000 साली दाखवून दिलं, की साहाय्यक पंच बरेचदा ऑफसाइडच्या रेषेच्या थोडे पुढे उभे असतात आणि केवळ त्या तिरक्या कोनामुळे त्यांचे निर्णय चुकतात. लक्ष नव्हतं किंवा पक्षपात केला, असं त्यात काही नसतं. आपल्या गोव्याच्या उवेना फर्नांडिस यांनी हेच अवघड काम 2016 साली जॉर्डनमध्ये, 17 वर्षांखालच्या मुलींच्या विश्वचषकात केलं. पुढच्या वेळी टीव्हीवर झेंडा वर गेलेला दिसला, की त्या धावत्या डोळ्यांची आठवण ठेवा.

आणि कान? हो, कानही फसवतात! इंग्लंडमध्ये अ‍ॅलन नेव्हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 40 प्रशिक्षित पंचांना लिव्हरपूल आणि लेस्टर यांच्या सामन्यातले 47 प्रसंग दाखवले आणि ‘फाउल आहे का?’ असं विचारलं. काहींना चित्रफीत आवाजासकट दाखवली, काहींना आवाज बंद करून. ज्यांनी लिव्हरपूलच्या प्रेक्षकांचा गलका ऐकला, त्यांनी लिव्हरपूलविरुद्ध सुमारे 15 टक्के कमी फाउल दिले. चित्र तेच होतं, फरक फक्त आरडाओरड्याचा. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालमींचे सामने पाहिलेल्या कुणालाही तो गलका काय असतो ते सांगायला नको.

आता मदतीकडे येऊ. मदतीचं पहिलं साधन नियमच. पंचांना फसवण्यासाठी सोंग केलं तर पिवळं कार्ड दाखवायचं, हे 1999 पासून स्पष्ट ठरलेलं आहे. पण कार्ड दाखवायला आधी सोंग ओळखावं लागतं, आणि एकाच नजरेत, धावता धावता, चार जणांच्या पाठीआडून ते ओळखणं कठीण. म्हणून 2018 च्या विश्वचषकात व्हीएआर आलं, म्हणजे व्हिडिओ पाहून मदत करणारे पंच. ते प्रत्येक बारीकसारीक गोष्टीत तोंड घालत नाहीत. गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड, किंवा कार्ड भलत्याच खेळाडूला दाखवलं गेलं असेल तर, एवढ्या चारच बाबतींत तेव्हा ते बोलायचे.

2022 मध्ये कतारच्या विश्वचषकात तर आणखी कमाल झाली. स्टेडियमच्या छताखाली बसवलेले 12 कॅमेरे प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे 29 बिंदू सेकंदाला 50 वेळा टिपत होते. चेंडूच्या पोटात एक संवेदक होता. तो सेकंदाला 500 वेळा माहिती पाठवत होता, त्यामुळे पाय चेंडूला नेमका केव्हा लागला ते कळत होतं. पहिल्याच सामन्यात तिसऱ्याच मिनिटाला इक्वेडोरचा एक गोल यामुळे रद्द झाला. ती नजरेची उडी, तो 80 सेंटिमीटरचा घोटाळा, सगळं या यंत्रांनी संपवलं.

डाइव्हचं मात्र इतक्या सहज भागत नाही. पाय कुठे होता ते यंत्र मोजतं, मनात काय होतं ते त्याला मोजता येत नाही. शिवाय पडद्यावर पाहण्यातही एक चकवा आहे. एखादी कृती संथ गतीनं दाखवली, की ती मुद्दाम केल्यासारखी वाटायला लागते! शास्त्रज्ञांनी हे प्रयोग करून पाहिलंय. संथ चित्रात हात सावकाश येतो, म्हणून आपल्याला वाटतं, की याला विचार करायला भरपूर वेळ होता. खरं तर तो अर्ध्या सेकंदाचा खेळ असतो. म्हणून व्हीएआरच्या नियमांतच लिहून ठेवलंय, की धक्का कुठे लागला हे पाहायला संथ गती वापरा, पण तो किती जोराचा होता हे ठरवताना नेहमीच्या गतीनंच बघा. किती शहाणपणाचा नियम आहे हा!

मला सगळ्यात पटलेला उपाय मात्र 2017 साली इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनं आणला. सोंग करून कुणी पेनल्टी मिळवली किंवा समोरच्याला मैदानाबाहेर घालवलं, तर सामन्यानंतर तीन माणसं स्वतंत्रपणे तो प्रसंग बघणार. एक माजी पंच, एक माजी खेळाडू, एक माजी व्यवस्थापक. तिघांचंही मत एकच झालं, तरच दोन सामन्यांची बंदी. प्रीमियर लीगमध्ये तिचा पहिला मानकरी ठरला एव्हर्टनचा ओमार नियास. बघणाऱ्यांना घाई नाही, गलका नाही, कोन हवा तितका. आणि फसवणाऱ्याला ठाऊक, की आज शिट्टी आपल्या बाजूनं वाजली तरी हिशेब अजून बाकी आहे. विल्सन यांच्या 60 सामन्यांत जे एकदाही घडलं नव्हतं, ते इथे घडलं : खोटं पडण्याची किंमत द्यावी लागली. उल्सानमध्ये तेव्हा असा नियम असता, तर रिवाल्डो पुढचे दोन सामने बाहेर बसला असता.

पण शाळेच्या मैदानावर ना 12 कॅमेरे, ना ती तीन माणसं. तिथे शिट्टी घेऊन उभे असतात पीटीचे सर किंवा बाई, आणि कधीकधी तुम्ही! मग एक युक्ती सांगते, मोठे पंचसुद्धा हीच वापरतात. मैदानाच्या मधोमध सरळ रेषेत धावू नका. एका कोपऱ्याकडून समोरच्या तिरक्या कोपऱ्याकडे, असं कर्णावर धावा. दोन खेळाडू चेंडूसाठी भिडले, की त्यांच्या पाठीमागे राहू नका. बाजूला सरका, म्हणजे दोघांमधली फट दिसेल. धक्का लागलाय की नाही ते त्या फटीतच कळतं. साहाय्यक म्हणून मैत्रिणीला समोरच्या कडेला उभं करा, म्हणजे तुम्हाला जी बाजू दिसत नाही ती तिला दिसेल. आणि कुणी पडलं तर शिट्टी तोंडाशी नेण्याआधी बघा, की ते केव्हा पडलं, किती वेगानं पडलं, त्यानं काय धरलंय आणि त्याचे हात कुठे गेले.